डोंबिवली-बदलापूर सोडून मुंबईत राहायला जावे का? कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा

डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे स्वतःचे घर आणि मुंबईत नोकरी असलेल्या कुटुंबात ‘आता दादर-परळकडेच राहायला जाऊ या’ हा विषय वर्षातून दोनदा तरी निघतो: एकदा पावसाळ्यात गाड्या ठप्प झाल्यावर आणि एकदा मुलांचा निकाल लागल्यावर. तो भरात निघतो आणि चार दिवसांत विरतो. ज्यांना तो एकदाचा नीट तपासून निकाली काढायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. मुंबईत राहायला जाणे आणि आपले सध्याचे घर विकणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे. दोन्ही एका दमात घेतले, तर अंदाज चुकल्यावर परतीची वाट उरत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या ‘आधी मुंबईत भाड्याने राहून पाहायचे, घर विकायचे की नाही ते नंतर ठरवायचे’ या क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: प्रवास घड्याळावर मोजा, वेळापत्रकावर नको

वेळापत्रकाप्रमाणे डोंबिवलीहून दादरला फास्ट गाडीने साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटे लागतात आणि बदलापूरहून सव्वा तासाच्या आसपास. परंतु घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंतचा वेळ हा सर्वस्वी वेगळा आकडा असतो. त्यात शेअर रिक्षाची रांग येते, जिन्यावरची गर्दी येते, समोर आलेल्या गाडीत चढता न आल्यामुळे सोडलेली गाडी येते आणि लोअर परळला जाणाऱ्याच्या बाबतीत दादरला उतरून स्लो गाडीने करी रोडपर्यंतचा तुकडाही येतो. दोन आठवडे एक कागद दाराजवळ लावून ठेवावा आणि घरातल्या प्रत्येकाने निघण्याची व पोहोचण्याची वेळ त्यावर लिहावी. रविवारी मेगाब्लॉक असताना क्लासला किंवा नातेवाइकांकडे जावे लागले असेल, तर तेही लिहावे.

हा हिशेब एकट्याच्या नावाने न करता संपूर्ण कुटुंबाच्या नावाने केला, तरच त्याचा उपयोग होतो. समजा, डोंबिवली पूर्वेला राहणारे चौघांचे कुटुंब आहे. वडील लोअर परळला जातात, आई ठाण्यातल्या बँकेत आहे, मुलगी आठवीत आहे आणि आजी घरी असते. हे कुटुंब दादरला गेले, तर वडिलांचे दिवसाला दोन तास वाचतात. आईचा वेळ मात्र जवळपास तेवढाच राहतो. फरक एवढाच, की सकाळी ती मुंबईकडे येणाऱ्या लोंढ्याच्या उलट्या दिशेने जाईल आणि गाडीत निदान उभे राहायला धड जागा मिळेल. डोंबिवलीहून सकाळी आठच्या फास्टमध्ये शिरणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे, ते या फरकाला किरकोळ म्हणणार नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी गाडीतून पडून दगावले, तेव्हापासून अनेक घरांत वेळेपेक्षा सुरक्षिततेचाच मुद्दा पुढे आला आहे आणि तो योग्यच आहे. याच कुटुंबातल्या मुलीचा आणि आजीचा या बदलात फायदा आहे की तोटा, हे प्रवासाच्या कागदावर दिसत नाही. ते पुढच्या पायऱ्यांत पाहायचे आहे.

कार्यालयाने आठवड्यातून तीन दिवस घरून काम करण्याची मुभा दिलेली असेल, तर वाचणारे तास निम्म्याहून कमी होतात आणि मग मुंबईचे भाडे देण्याला फारसा अर्थ राहत नाही. तसेच जी मेट्रो आज चालू नाही, ती हिशेबात धरू नये. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या नावाने किती वर्षांपासून फ्लॅट विकले जात आहेत, हे त्या पट्ट्यातल्या कोणालाही विचारावे. उलट मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झालेली आहे, त्यामुळे ज्यांची नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, वरळीला किंवा फोर्टमध्ये आहे, त्यांनी घर शोधताना केवळ रेल्वे स्थानकाभोवती न घुटमळता या मार्गावरचे भागही पाहावेत. आणि मुंबई म्हणजे फक्त दादर नव्हे. मुलुंड, भांडुप किंवा घाटकोपर येथेही निम्मा प्रश्न सुटत असेल, तर तो पर्याय आधी तपासावा.

दुसरी पायरी: कमी जागेत संसार मावतो का

डोंबिवलीत सहाशे चौरस फूट चटई क्षेत्राच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला त्याच ताकदीच्या भाड्यात मुंबईत तीन-साडेतीनशे फुटांचे घर मिळाले, तरी ते नशीब समजावे लागते. हा फरक आकड्यात कळत नाही. पाहिलेल्या घराची मापे घेऊन यावीत आणि आपल्याच दिवाणखान्यात खडूने त्या खोलीची चौकट आखावी. मग त्या चौकटीत पलंग, गोदरेजचे कपाट, मुलीचे टेबल आणि आजीची खाट यांची लांबी-रुंदी टेपने मांडून पाहावी. कपाटाचे दार उघडल्यावर माणूस शेजारून जाऊ शकतो का, गणपतीत मखर कुठे बसेल, दुपारी झोपलेल्या माणसाला ओलांडून स्वयंपाकघरात जावे लागेल का, हे सगळे त्या अर्ध्या तासात समजते. जुन्या इमारतींत जिन्याचे वळण अरुंद असते, तेव्हा फ्रिज आणि वॉशिंग मशीनची मापे खिशात ठेवूनच जिना चढावा.

माझ्या मते या पायरीवर सर्वाधिक भांडणे होतात आणि ती इथेच झालेली बरी, कारण चुरगळून राहण्याची तयारी प्रत्येकाची सारखी नसते. दहावीकडे निघालेल्या मुलाला अभ्यासाला दार लावता येईल अशी जागा हवी असते आणि घरून काम करणाऱ्याला फोनवर बोलायला कोपरा लागतो. ‘सवय होते’ हे उत्तर सवय करून घ्यावी लागणाऱ्याने द्यावे, इतरांनी नव्हे.

तिसरी पायरी: शाळेचे वर्ष

मूल पहिलीत जाणार असेल किंवा चौथी-पाचवीच्या उंबरठ्यावर असेल, तर बदल सोपा जातो. मधल्या इयत्तांत चांगल्या शाळेत जागा रिकामी असेलच असे नसते, म्हणून घर पाहण्याआधी शाळेत चौकशी करावी, घर घेतल्यानंतर नव्हे. नववी आणि दहावी ही दोन वर्षे शक्यतो हलू नये. दहावीचा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो आणि विषयांच्या जोड्या, अंतर्गत गुण, शिक्षकांची सवय हे सगळे त्या वेळी मध्येच तुटते. वरच्या उदाहरणातली मुलगी आठवीत आहे; तिला हलवायचे तर आठवी संपताच, नाहीतर दहावीनंतर. अकरावीसाठी तर घर हलवण्याची गरजच नसते. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशातून डोंबिवलीत राहूनही माटुंग्याच्या रुईया, रुपारेल किंवा पोदार महाविद्यालयात अर्ज करता येतो आणि हजारो मुले ती ये-जा करतात.

शिक्षण हक्क कायद्याखाली राखीव असलेल्या २५ टक्के जागांवर मूल शिकत असेल, तर दहादा विचार करावा, कारण तो प्रवेश शाळेच्या पहिल्या प्रवेशवर्गातच मिळतो. शाळा बदलली की तो सोबत येत नाही. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे मुख्याध्यापकांच्या दालनात शांतपणे सांगण्याची वेळ येऊ शकते, म्हणून माहीत असावे.

चौथी पायरी: घरातली वडीलधारी माणसे

आजी-आजोबांना ‘तुम्हाला चालेल ना?’ असे विचारले, की ते ‘तुमच्यासाठी काहीही’ म्हणतात. त्यामुळे विचारण्यापेक्षा पाहावे: आठवडाभरात ते कुठे कुठे गेले, कोणाशी बोलले, कशाने गेले. डोंबिवलीतल्या आजीचे जग बहुधा गणेश मंदिर, वाचनालय, ओळखीचा डॉक्टर, भाजीवाली आणि संध्याकाळचा बाक एवढे असते आणि तेवढे पुरेसेही असते. या शहरांना ‘नुसती झोपायची गावे’ समजणाऱ्यांनी दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर किंवा पाडव्याच्या स्वागतयात्रेत एकदा जाऊन यावे. पाडव्याच्या त्या यात्रांची सुरुवात १९९९ मध्ये डोंबिवलीतूनच झाली. मुंबई शहराच्या हद्दीत शीव आणि माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, हेही आजीच्या दृष्टीने मोठेच. डोंबिवलीत शेअर रिक्षात बसून ती एकटी जात असे. मुंबईत बेस्टची बस पकडावी लागेल किंवा टॅक्सी करावी लागेल आणि टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे.

याच्या उलट बाजूला उपचार आहेत. घरात कोणाचे कर्करोगावरचे उपचार टाटा रुग्णालयात चालू असतील किंवा केईएममध्ये वारंवार जावे लागत असेल, तर परळच्या आसपास राहणे हा बाकी सर्व मुद्द्यांना मागे टाकणारा मुद्दा आहे आणि अशा कुटुंबाने पुढचा हिशेब फार न ताणता निदान उपचार चालू असेपर्यंत हलावे. इमारतीला लिफ्ट नसेल, तर पहिल्या मजल्याच्या वरचे घर वृद्धांसाठी पाहूही नये.

पाचवी पायरी: पैशांचे दोन कागद

एका कागदावर आजचा महिना लिहावा आणि दुसऱ्यावर मुंबईतला. आजच्या कागदावर पास, रिक्षा, उशीर झाल्यावर केलेली ओला-उबर, थकून मागवलेले बाहेरचे जेवण, मुलीला सांभाळायला ठेवलेल्या बाईंचा पगार आणि गृहकर्जाचा हप्ता असे सगळे यावे. मुंबईच्या कागदावर भाडे, दलाली, सामान हलवण्याचा टेम्पो आणि अनामत रकमेवर बुडणारे व्याज यावे. मुंबईत दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी मागतात आणि करार नवा करताना पुन्हा मागण्याचा प्रयत्न होतो, म्हणून ते आधीच बोलून घ्यावे.

डोंबिवलीतले घर भाड्याने दिले, तर त्याचे उत्पन्न या दुसऱ्या कागदावर जमा बाजूला येते. सोसायटी त्यावर ‘नॉन ऑक्युपन्सी चार्जेस’ (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) लावू शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक लावू शकत नाही. मनमानी रक्कम मागितली, तर शासनाच्या आदेशाचा हवाला देऊन नाकारावी. या भाड्यावर प्राप्तिकर लागतो, मात्र पालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. नोकरदाराने जुनी करप्रणाली घेतली असेल, तर मुंबईत घरभाडे भत्त्याच्या सवलतीची मर्यादा मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत जाते. नव्या प्रणालीत ही सवलत नाही. डोंबिवलीतल्या भाडेकरूशी करार करताना त्याची मुदत मुंबईतल्या आपल्या कराराशी जुळवावी. नाहीतर इकडचे घर सोडण्याची वेळ आली, तेव्हा तिकडच्या स्वतःच्या घरात दुसरेच कुटुंब राहत असते.

दोन कागदांतला फरक महिन्याला वाचलेल्या तासांनी भागावा. तासाला जी रक्कम येते, ती देण्याची आपली ऐपत आणि इच्छा आहे का, हे नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवावे.

सहावी पायरी: घर पाहताना

घर दिवसा एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा पाहावे. पाणी किती वाजता येते, किती वेळ येते आणि इमारतीला टाकी आहे का, हे दलालाला न विचारता शेजारच्या बाईंना विचारावे; बदलापूर-अंबरनाथच्या माणसाला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. पाइपचा गॅस आहे की सिलिंडर, वीज बेस्टची की अदानीची, हे बिल पाहूनच कळते आणि मागची थकबाकीही तिथेच दिसते. भिंतीच्या खालच्या भागात ओल असल्यास नुकत्याच मारलेल्या रंगाखालीही फुगवटा जाणवतो, म्हणून हात फिरवून पाहावा.

जुन्या इमारतीबाबत दोन गोष्टी अवश्य तपासाव्यात. शहर भागातल्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींपैकी अतिधोकादायक ठरलेल्यांची यादी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते आणि महापालिकाही धोकादायक इमारतींना ‘सी-१’ असा शेरा देते. त्या यादीत आपली इमारत नाही, याची खात्री करून घ्यावी. दुसरे म्हणजे सोसायटीचा पुनर्विकास कोणत्या टप्प्यावर आहे, हे सचिवांना विचारावे. विकासकाशी करार झाला, की घर रिकामे करावे लागते. पर्यायी भाडे मूळ मालकाला मिळते आणि भाड्याने राहणाऱ्याच्या हाती फक्त सामान बांधणे येते.

कोणी ‘पागडीवर स्वस्तात देतो’ म्हणाले, तर नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. पागडीत भाडेकरूचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. जागा पुढे देताना घरमालकाची संमती आणि त्याचा वाटा लागतो आणि बँका त्यावर सहसा कर्ज देत नाहीत. ज्यांच्या तीन पिढ्या त्या व्यवहारात गेल्या आहेत, त्यांचे ठीक आहे.

काही इमारतींत मांसाहारावरून, तर काही ठिकाणी धर्म-जातीवरून भाडेकरू निवडले जातात, हे कटू असले तरी घडते. घरात मासे शिजतात, हे पहिल्याच फोनवर सांगून टाकावे. निदान फेऱ्या तरी वाचतात.

सातवी पायरी: करार आणि कागदपत्रे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, म्हणून शहाणा मालक स्वतःच नोंदणीचा आग्रह धरतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरचे १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. उदाहरणार्थ, दरमहा ४०,००० रुपये भाडे, २ लाख रुपये अनामत आणि २४ महिन्यांचा करार असेल, तर भाडे ९,६०,००० रुपये, अनामतीवरचे व्याज ४०,००० रुपये, बेरीज १० लाख रुपये आणि शुल्क २,५०० रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये वेगळी. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरी बसून होते. दलालाने याचे दहा-बारा हजार सांगितले, तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

करारात लॉक-इनचा काळ (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) दोघांनाही लागू असावा, नोटीस एक महिन्याची असावी, दरवर्षीची भाडेवाढ आकड्यात लिहिलेली असावी आणि अनामत किल्ली देतानाच परत मिळेल, असे शब्द असावेत. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, नळांचे आणि भिंतींचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती दिल्याची पावतीही घरमालकाकडून मागून घ्यावी. मतदार यादीतला पत्ता नमुना ८ भरून बदलता येतो. परंतु वर्षभर राहून पाहायचे असेल, तर रेशन कार्ड आणि मतदार नोंदणी लगेच हलवण्याची घाई करू नये.

आठवी पायरी: वर्षानंतर

वर्ष संपता संपता दाराजवळचा तोच कागद पुन्हा दोन आठवडे लावावा आणि जुन्याशी ताडून पाहावा. वाचलेल्या तासांचे प्रत्यक्षात काय झाले, हेही पाहावे. कित्येकदा ते तास कार्यालयच गिळते, कारण ‘आता जवळच राहता ना’ म्हणून थांबवून घेतले जाते. तसे झाले असेल, तर भाडे आपण भरतो आणि फायदा कार्यालयाचा होतो, हे तिथे स्पष्ट बोलून घ्यावे किंवा परत फिरावे.

मुंबईतच राहायचे ठरले आणि घर विकत घ्यायचे असेल, तर मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के आहे आणि फक्त महिलेच्या नावाने निवासी घर घेतल्यास त्यात १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे दीड कोटीच्या घरावर नुसते शुल्कच ९ लाख रुपये होते आणि ते गृहकर्जातून सहसा मिळत नाही. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून भरायचा असतो. नव्या बांधकामात महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासावा आणि किमतीची तुलना चटई क्षेत्रावरच करावी. डोंबिवलीचे घर दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असेल, तर त्याच्या विक्रीवरचा दीर्घकालीन भांडवली नफा नव्या घरात गुंतवून कर वाचवता येतो. त्यासाठी नवे घर विक्रीच्या आधीच्या एका वर्षात किंवा नंतरच्या दोन वर्षांत घ्यावे लागते आणि बांधून घ्यायचे असेल, तर तीन वर्षांची मुदत असते. मधल्या काळात पैसे पडून राहणार असतील, तर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीआधी ते बँकेच्या भांडवली नफा खात्यात टाकावे लागतात. साध्या मुदत ठेवीत ठेवलेले या सवलतीसाठी चालत नाहीत.